तोंडी हिशोबाचे खेळ: चुरस हवी, पण गणित प्रत्येकाने करायला हवं

"सात आठे किती?" असं मोठ्याने विचारायचं आणि जो आधी ओरडेल त्याला गुण द्यायचा. तोंडी हिशोबाचा खेळ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं. मुलं उड्या मारतात, गलका होतो, सगळे रंगलेले दिसतात. एकदा पाच मुलांच्या गटाला असे तीस प्रश्न विचारा आणि कोणाच्या तोंडून किती उत्तरं आली तेवढंच टिपून ठेवा. बहुतेक उत्तरं दोघांचीच असतील. उरलेल्यांनी पहिल्या चार-सहा प्रश्नांतच ओळखलेलं असतं की आपलं उत्तर तयार होण्याआधी कोणीतरी ओरडणारच आहे. मग ते हिशोब करायचंच सोडतात. ज्याचे पाढे आधीच पक्के आहेत त्याचा सराव होतो, आणि ज्याच्यासाठी खेळ मांडला तो नुसता ऐकत बसतो.

चुरस टाकून देऊ नका, मुलं तिच्यासाठीच उद्या पुन्हा खेळायला येतील. नियम मात्र बदला. कुठलाही खेळ निवडताना दोन गोष्टी तपासा. प्रत्येक पाळीत प्रत्येक मुलाला डोक्यात काहीतरी काढावंच लागतं का? आणि हिशोबात मागे असलेलं मूलही अधूनमधून जिंकू शकतं का? खालचे सगळे खेळ या दोन कसोट्या लावून निवडले आहेत.

खेळाआधी: मूल कुठे अडतंय ते बघा

यासाठी परीक्षा नको. गप्पा मारता मारता दहा प्रश्न विचारा आणि उत्तरापेक्षा मुलाकडे लक्ष द्या. आठात किती मिळवले की दहा होतात? हे विचार न करता सांगता आलं पाहिजे. १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७, ४ आणि ६, ५ आणि ५ या पाच जोड्या पक्क्या नसतील, तर दहा ओलांडणारी प्रत्येक बेरीज मूल बोटांवरच करणार. त्यानंतर ८ + ६ विचारा. "आठात दोन, दहा, उरले चार, चौदा" असं मूल करतं, की आठापासून सहा वेळा पुढे मोजतं? मग ४७ + ३८. शेवटी ८३ − ६७ आणि दोन-चार पाढ्यांचे प्रश्न, तेही क्रम मोडून.

पाढ्यांची एक खूण ओळखून ठेवा. "सात आठे" विचारल्यावर मुलाचे ओठ "सात एके सात, सात दुणे चौदा" असे हलू लागले, तर त्याला पाढा येतो, पण त्यातली सुटी ओळ येत नाही. हे दोन वेगळे टप्पे आहेत, आणि दुसऱ्या टप्प्यासाठी खेळासारखं साधन नाही, कारण खेळात प्रश्न क्रमाने येत नाहीत. शिवाय लक्षात ठेवायच्या ओळी वाटतात तेवढ्या नसतात. १ ते १० च्या पाढ्यांत शंभर ओळी आहेत. ७ × ८ आणि ८ × ७ एकच धरले की पंचावन्न राहतात. त्यातल्या १, २, ५ आणि १० च्या ओळी बहुतेक मुलांना सहज जमतात. त्या काढल्या की फक्त एकवीस उरतात: ३, ४, ६, ७, ८, ९ यांचे आपसातले गुणाकार. सगळा त्रास या एकवीस ओळींत आहे, हे मुलालाही सांगा. त्याचं अर्धं ओझं तिथेच उतरतं.

सामान थोडंच लागतं: पत्त्यांचा एक कॅट, दोन फासे, कागद-पेन्सिल आणि दोन रंगांची बटणं किंवा मणी. कॅटमधून गुलाम, राणी, राजा आणि जोकर काढून टाका. चाळीस पानं उरतील. एक्का म्हणजे १.

आकडे दिसत ठेवा, नुसते ऐकवू नका. मराठीत "सत्तेचाळीस" म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि लिहिताना चार आधी येतात, म्हणून ४७ च्या जागी ७४ धरून मूल पुढचा हिशोब बरोबर करतं आणि उत्तर चुकतं. "एकोणसाठ" ऐकून ६९ धरणारी मुलंही पुष्कळ असतात. ही चूक संख्यावाचनाची असते. ती बेरजेची समजून बेरजेचाच सराव वाढवला, तर मूल हैराण होतं आणि चूक तशीच राहते.

कपाळावरचं पान

तीन खेळाडू लागतात. दोघे समोरासमोर बसतात, तिसरा पंच. दोघे एकेक पान न बघता उचलतात आणि समोरच्याला दिसेल असं कपाळाशी धरतात. पंच दोन्ही पानं बघून बेरीज जाहीर करतो, समजा "पंधरा". तुम्हाला समोरच्याच्या कपाळावर ९ दिसतोय, म्हणजे तुमच्याकडे ६ असणार. दोघांनी आपापलं उत्तर कागदावर लिहायचं, आणि दोघांचं लिहून झाल्यावरच कागद उलटायचे. उत्तर बरोबर असेल त्याला एक गुण. दोघांचं बरोबर असेल तर दोघांना. पाच डाव झाले की पंच बदला.

या खेळाची प्रचलित रीत जो आधी ओरडेल तो जिंकला अशी आहे, आणि तिथेच सुरुवातीचा दोष परत येतो. लिहायला लावलं की तो जातो. पंचाने बेरीज लिहून ठेवायची हाही नियम पाळा, कारण पंचाची बेरीज चुकली तर दोघांची उत्तरं चुकतात आणि भांडण होतं. बेरीज चुकलेली निघाली तर डाव रद्द, गुण कोणालाच नाहीत.

लहान मुलांसाठी १ ते ५ चीच पानं ठेवा. मोठ्यांसाठी पंचाला गुणाकार सांगायला लावा: "बेचाळीस", समोर ७ दिसतोय, म्हणजे माझ्याकडे ६. त्यावेळी १ आणि १० ची पानं काढून टाका, त्यांत काढण्यासारखं काही नसतं. भागाकाराचा इतका बिनबोभाट सराव दुसऱ्या कुठल्या खेळात होत नाही.

शंभराच्या जवळ

दहाची पानंही काढा, ३६ उरतील. प्रत्येकाला सहा पानं वाटा. त्यातली चार वापरून दोन अंकी दोन संख्या करायच्या, त्यांची बेरीज शंभराच्या जितकी जवळ जाईल तितकं चांगलं. शंभरापासूनचं अंतर, खाली असो की वर, हे त्या डावाचे गुण. पाच डावांनंतर ज्याचे गुण सगळ्यात कमी तो जिंकला.

समजा हातात २, ३, ५, ६, ७, ९ आहेत. सुरुवातीला बहुतेक मुलं ७ आणि ३ दशकाला ठेवतात, कारण सात आणि तीन दहा. मग ७२ + ३५ होतात १०७, म्हणजे सात गुण. थोडा विचार केला तर ७६ + २३ = ९९, गुण फक्त एक. दशकांची बेरीज नऊ आणि एककांची दहा झाली की बरोबर शंभर होतात, ही या खेळाची किल्ली. ती तुम्ही सांगू नका. तीन-चार बैठकींत कोणालातरी सापडते आणि मग बाकीचे तिची नक्कल करतात. मुलाने स्वतः शोधलेली युक्ती पुन्हा शिकवावी लागत नाही. दहा बैठकी होऊनही कोणाला दिसली नाही, तर "शंभर बरोबर झालेले डाव बघा, त्यांच्यात काय सारखं आहे?" एवढंच विचारा.

वेळ मोकळा ठेवा, पण सगळ्यांना सारखा: दोन मिनिटं. आधी झालेल्याने पानं पालथी ठेवून गप्प बसायचं. बेरीज ज्याची त्याने मोठ्याने सांगायची आणि डावीकडच्या खेळाडूने तपासायची, म्हणजे दुसऱ्याच्या डावातही हिशोब करावा लागतो. पहिली-दुसरीच्या वयाला हाच खेळ पाच पानांतली तीन निवडून वीसच्या जवळ जाण्याचा करा.

फाशाचे दोन डाव

पहिला हावरटपणाचा. एक फासा. आपल्या पाळीत हवा तितक्या वेळा टाकायचा आणि आकडे डोक्यात मिळवत जायचे. थांबलात तर ती बेरीज तुमच्या खात्यात जमा. मध्येच १ पडला तर त्या पाळीतलं सगळं गेलं, खात्यात आधी जमा असलेलं तसंच राहतं. शंभर आधी गाठेल तो जिंकला. अट एकच: प्रत्येक वेळी चालू बेरीज मोठ्याने म्हणायची. "बारा आणि पाच, सतरा." न म्हणता फासा उचलला तर पाळी संपली. ही अट गाळली तर हा नुसता नशिबाचा खेळ होतो.

नशिबाचा हा वाटा उपयोगाचाही आहे. सात वर्षांचं मूल अकरा वर्षांच्या भावंडाला इथे खरोखर हरवू शकतं, तेही कोणी मुद्दाम हरल्याशिवाय. मोठ्या मुलांना मात्र एक कोडं घाला: पाळीत किती जमले की थांबावं? वीस जमलेले असताना आणखी एकदा टाकायचा विचार करा. सहा शक्यतांपैकी एकीत वीस जातात, आणि उरलेल्या पाचांत २, ३, ४, ५, ६ मिळतात, त्यांचीही बेरीज वीसच. वीसच्या खाली टाकण्यात फायदा, वर तोटा. हे कळलेलं मूल फासा टाकताना वेगळंच दिसतं.

दुसरा डाव वजाबाकीचा. दोघेही २०० पासून सुरू करतात. दोन फासे टाकायचे आणि त्यांची बेरीज, फरक किंवा गुणाकार, यातलं हवं ते आपल्या संख्येतून वजा करायचं. नेमकं शून्यावर पोचायचं. उरलेल्यापेक्षा जास्त वजा करता येत नाही. जमत नसेल तर पाळी गेली. फरक मुद्दाम ठेवला आहे. तो नसेल तर शेवटी १ उरल्यावर डाव अडून बसतो, कारण दोन फाशांची बेरीज दोनपेक्षा कमी होत नाही आणि गुणाकार १ फक्त दोन्ही फाशांवर १ पडले तरच येतो.

छत्तीस घरांचा पट

पाढ्यांसाठी एकच खेळ निवडायचा झाला तर हा निवडा. सहा बाय सहाची चौकट आखा आणि ओळीने या संख्या भरा:

१, २, ३, ४, ५, ६
७, ८, ९, १०, १२, १४
१५, १६, १८, २०, २१, २४
२५, २७, २८, ३०, ३२, ३५
३६, ४०, ४२, ४५, ४८, ४९
५४, ५६, ६३, ६४, ७२, ८१

१ ते ९ च्या आपसातल्या गुणाकारांत ८१ ओळी असल्या तरी वेगवेगळी उत्तरं एवढीच छत्तीस येतात. पटाखाली १ ते ९ अंकांची एक पट्टी काढा. त्या पट्टीवर फिरवायला दोन खडे घ्या.

पहिला खेळाडू एक खडा पट्टीवरच्या कुठल्याही अंकावर ठेवतो. दुसरा उरलेला खडा हव्या त्या अंकावर ठेवतो, त्याच अंकावर ठेवला तरी चालेल, आणि दोन्ही अंकांच्या गुणाकाराच्या घरात आपल्या रंगाचं बटण ठेवतो. इथून पुढे प्रत्येकाने आपल्या पाळीत दोनपैकी फक्त एकच खडा हलवायचा आणि नव्या गुणाकाराचं घर घ्यायचं. आधीच घेतलेलं घर पुन्हा घेता येत नाही. आडवी, उभी किंवा तिरपी सलग चार घरं आधी जुळवेल तो जिंकला.

हा खेळ इतका कसदार का, ते एक पाळी बघितली की कळतं. खडे ४ आणि ७ वर आहेत आणि मुलाला ५६ हवेत. छप्पन्न म्हणजे सात आठे, मग चारवरचा खडा आठवर नेला की झालं. पण त्याला ७२ हवे असतील तर अडचण, कारण बहात्तर म्हणजे आठ नव्वे, त्यासाठी दोन्ही खडे हलवावे लागतील. एक बटण ठेवण्याआधी मूल पाच-सहा गुणाकार करून बघतं, उलटे अवयवही शोधतं, आणि प्रतिस्पर्ध्याला पुढच्या पाळीत काय मिळेल तेही मोजतं. कोणी घाई करत नाही. मागे असलेलं मूल इथे पुढच्यापेक्षा जास्तच गणितं करतं, आणि नजर तल्लख असेल तर जिंकतंही.

चुकीच्या घरात बटण ठेवलं तर? प्रतिस्पर्ध्याने आपली चाल करण्याआधी पकडलं तर बटण परत उचलायचं आणि पाळी गेली. नाही पकडलं तर बटण तिथेच राहतं. समोरच्याचा हिशोब तपासायला याहून चांगलं आमिष नाही. पाढे कच्चे असलेल्या मुलाला सुरुवातीला पाढ्यांचा तक्ता बघू द्या, पण एका डावात पाचदाच, आणि प्रत्येक वेळी एक मणी बाजूला ठेवायचा. कधी बघायचं ते त्याचं त्याने ठरवावं. मणी शिल्लक राहू लागले की तक्ता आपोआप दूर होतो.

चार पानांचे चोवीस

हा मोठ्यांसाठी. चार पानं उलटायची आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार वापरून चोवीस करायचे, प्रत्येक पान एकदाच आणि चारही वापरायची. २, ३, ४, १० आली तर १० × ३ − ४ − २ चालतं, आणि (१० − ४ + २) × ३ सुद्धा चालतं. इथेही ओरडाओरड नको: दोन मिनिटं प्रत्येकाने लिहायचं, प्रत्येक वेगळ्या रीतीला एक गुण. १ ते १० मधल्या चार-चार आकड्यांचे ७१५ संच होतात, त्यातल्या ५६६ संचांतून चोवीस निघतात. म्हणजे अधूनमधून न सुटणारा संच येणारच, चार एक्के आले तर काहीच करता येत नाही. दोन मिनिटांत कोणालाच जमलं नाही तर पानं बदला. ३, ३, ८, ८ मात्र सुटतं, आणि अपूर्णांक शिकलेल्या मुलासमोर ठेवण्यासारखं आहे: ८ ÷ (३ − ८ ÷ ३).

कुठे बिघडतं

बाद करण्याचे नियम. गोल बसून आकडे म्हणायचे आणि सातच्या पटीला टाळी वाजवायची, चुकला तो बाहेर. पहिल्याच फेरीत बाहेर जाणारं मूल तेच, ज्याला सराव सगळ्यात जास्त हवा. प्रत्येकाला तीन मणी द्या, चुकला की एक मणी मधल्या वाटीत टाकायचा, पण खेळत राहायचं. तीनही संपले तरी खेळायचं. मोजणी शेवटी.

घड्याळ. चार मिनिटांची सवड असताना ज्याला १५ − ८ येतं, तेच मूल टिकटिक सुरू झाली की बावचळतं. डोक्यात हिशोब करताना मधले आकडे धरून ठेवायला मोजकीच जागा असते, आणि भीती त्याच जागेत येऊन बसते. वेळेची चुरस तेव्हाच आणा, जेव्हा वेळ न लावता दहातली नऊ उत्तरं बरोबर येतात. आणि आणाल तेव्हा मुलाची शर्यत त्याच्या कालच्या आकड्याशी लावा.

ताकद असमान असणं. इथे पानांनीच तोल साधा. शंभराच्या जवळ खेळताना लहानाला सहाऐवजी आठ पानं द्या, कपाळावरच्या पानात मोठ्यांच्या जोडीत गुणाकार ठेवा आणि लहानांच्या जोडीत बेरीज. सवलत खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर ठरवा. मध्येच दयेने दिलेली सवलत मुलाला लगेच कळते आणि झोंबते. मुद्दाम हरणं तर त्याहून वाईट.

बोटं मोजणं. बंदी घालू नका, मूल बोटं मांडीखाली लपवून मोजेल. दहाच्या जोड्यांचा एक साधा डाव आठवडाभर खेळा: पानं पालथी पसरायची, पाळीत दोन उलटायची, बेरीज दहा झाली तर जोडी आपली. दहाची पानं आधी काढून टाका, त्यांना जोडी मिळत नाही. जोड्या पाठ झाल्या की बोटं हळूहळू सुटतात.

चुका टिपून ठेवा, त्या कारण सांगतात. ८ + ५ = १२ असं एकाने कमी उत्तर वारंवार येत असेल, तर मूल मोजताना आठालाच "एक" म्हणतंय. ६३ − २८ = ४५ म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय; त्याला अठ्ठावीसपासून वर चढायला लावा: तीसपर्यंत दोन, त्रेसष्टपर्यंत तेहेतीस, मिळून पस्तीस. ४७ + ३८ ला मूल हवेत बोटाने हातचा लिहीत असेल, तर ते कागदावरची रीत डोक्यात चालवतंय आणि एकक काढेपर्यंत दशक विसरतंय. डोक्यात डावीकडून जाणं सोपं: चाळीस आणि तीस सत्तर, सात आणि आठ पंधरा, पंच्याऐंशी. किंवा अडतीसला दोन देऊन चाळीस करायचे आणि सत्तेचाळीसचे पंचेचाळीस. डाव संपल्यावर, मध्येच नाही, एका उत्तराबद्दल विचारा: "कसं काढलंस?" चुकलेल्याला जसं विचारता तसंच बरोबर आलेल्यालाही विचारा, नाहीतर हा प्रश्न म्हणजे चूक झाल्याची खूण ठरते.

वेळ आणि नोंद

दहा ते पंधरा मिनिटं, आठवड्यात चार-पाच दिवस. रविवारी एकदम तासभर खेळण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी, कारण विसरायला लागलेलं पुन्हा आठवून काढण्यातच ते पक्कं होतं. मुलं "अजून एक डाव" म्हणत असतानाच थांबा. बक्षीस म्हणून वस्तू देऊ नका. वस्तू लागली की नियमांवरून वाद आणि लबाडी सुरू होते. जिंकणाऱ्याने उद्याचा खेळ निवडायचा, एवढं पुरतं.

नोंदवहीत जिंकल्या-हरल्याचा हिशोब नको. अडलेल्या ओळी लिहा: ७ × ८, ६ × ९, १५ − ८. प्रत्येक अडलेली ओळ एका चिठ्ठीवर लिहून डबीत टाका, आणि पुढच्या बैठकीत खेळाआधी त्यातल्या पाच चिठ्ठ्या काढा. तीन वेगवेगळ्या दिवशी लगेच उत्तर आलं की ती चिठ्ठी मुलाने स्वतः फाडायची. एक महिन्याने डबीत नवं काही पडेनासं झालं, तर तो खेळ बाजूला ठेवा आणि वरचा घ्या. आणि मध्येच मुलं स्वतःच नियम बदलू लागली, "शंभराऐवजी दोनशेच्या जवळ जाऊया" म्हणाली, तर आधी त्यांनाच विचारा की प्रत्येकाला पानं किती लागतील. तेही त्यांना हिशोबानेच ठरवावं लागेल.